दहा तोंडांचा गुरुत्वमध्य

अंबडला कारखान्यांच्या रांगा सुरू होतात तिथे कोपऱ्यावर टायरचं एक दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक येतात आणि विचारतात, "चिमाजी आहे का?" तो असला तर गाडी आत घ्यायची. नसला तर समोर चहा प्यायचा आणि वाट बघायची.

चिमाजी चाकं तोलतो. एकवीस वर्षं तोलतो आहे. चाक मशीनवर चढवायचं, गरगर फिरवायचं, मशीन आकडा सांगतं, तेवढ्या ग्रॅमची शिशाची पट्टी मोडून सांगितल्या जागी चिकटवायची. काम एवढंच. पण चिमाजीचा खरा खेळ मशीनच्या आधीचा. चाक दोन्ही हातांत घेऊन तो हलकेच फिरवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "पस्तीस ग्रॅम. व्हॉल्व्हच्या जरा डावीकडे." मग मशीन लावतो. आकडा येतो पस्तीस, फार तर चाळीस. गिऱ्हाईक टाळी वाजवायच्या बेतात असतं, तोवर हा पुढच्या चाकाकडे वळलेला असतो. टाळीची वाट न बघता विंगेत निघून जाणारा नट फार क्वचित बघायला मिळतो. चिमाजी तसा होता.

याचं कारण असं की त्याचं मन या खेळात नव्हतं. त्याचा रंगमंच घोटीच्या पुढे, डोंगराला टेकलेल्या उंबरपाड्याला होता, आणि अठ्ठावन्न वर्षांत त्याला त्या रंगमंचावर एकदाही पाऊल टाकता आलं नव्हतं.

उंबरपाड्याला चैत्रात बोहाडा होतो. देव, दानव, वाघ, वेताळ, सगळे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीच्या तालावर गल्लीतून नाचत येतात. एकेक सोंग एकेका घराचं. कुणाकडे गणपती, कुणाकडे नरसिंह. चिमाजीच्या घराकडे रावण. बाकीची सोंगं तीन रात्री चालतात, पण रावण शेवटच्या दिवशी, लख्ख उजाडल्यावर. दहा तोंडं अंधारात दाखवून काय उपयोग, असं जुन्या माणसांचं म्हणणं. मधलं तोंड नाचणाऱ्याच्या तोंडावर आणि बाकीची नऊ दोन्ही बाजूंना फळीवर. देवळापासून पारापर्यंत तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एका पायावर गिरकी. त्या गिरकीला अख्खं गाव श्वास रोखून उभं राहतं. बाया तर पदर तोंडात धरतात.

हे सोंग थोरल्याने नाचवायचं असा नेम. आजोबांनी नाचवलं, बापाने नाचवलं, मग कोंडाजीने. कोंडाजी थोरला, चिमाजी धाकटा. लहानपणी चिमाजी बांबूला भोपळे बांधून गोठ्यामागे रावण नाचवायचा. एकदा कोंडाजीने ते बघितलं आणि काही न बोलता भोपळे नीट बांधून दिले. त्यानंतर चिमाजी नाशिकला कारखान्यात लागला, कारखाना बंद पडला, टायरचं दुकान आलं. दर चैत्रात तो रजा टाकून गावी जायचा आणि रावणाच्या मागे पाण्याचा तांब्या धरून चालायचा. छत्तीस वर्षं तांब्या.

गेल्या चैत्रात ते झालं. बापाच्या वेळचा लाकडी मुखवटा मधल्या तोंडाशी तडकला होता, डोक्यावर ठरेना. म्हणून कोंडाजीने नाशिकच्या एका गणपती करणाऱ्या कारागिराकडून फायबरचा नवा करून आणला. देखणा मुखवटा. पहिल्याच फेरीच्या गिरकीला कोंडाजी उजवीकडे झुकला, झुकत गेला आणि रावणाचं टोकाचं तोंड मातीला टेकलं. संबळ थांबला. बोहाड्यात सोंग जमिनीला टेकणं म्हणजे फार वाईट. पंच बसले. ठरलं असं की यंदा रावण पुन्हा अडखळला तर सोंग बहिरूच्या घरी जाईल. बहिरूचं घर पिढ्यान्‌पिढ्या वानर नाचवत आलेलं, आणि रावणावर त्यांचा डोळा होता हे गावात सगळ्यांना ठाऊक.

यंदा बोहाड्याला आठ दिवस उरले असताना कोंडाजीच्या बायकोचा, कुसावहिनीचा फोन आला.

"भाऊजी, लवकर या. हे कुणाशी बोलत नायत. सोंगाकडं बघत बसत्यात नि उठून जात्यात."

"मुखवटा उजवीकडं जड झालाय वहिनी. कारागिराने गडबड केली. मी येतो. शिसं घेऊन येतो."

फोन ठेवला आणि चिमाजी दुकानात उभ्याउभ्या हसला. एकवीस वर्षं परक्यांची चाकं तोलली, आता घरचं काम आलं होतं. त्या दिवशी त्याने एका रिक्षाला तीनच्या ऐवजी चार चाकांचं बिल लावलं आणि रिक्षावाल्याने ते हसत परत दिलं.

घरी तृप्ती पेपर तपासत बसली होती. ती त्याची मुलगी, सिडकोतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चिमाजीने सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाला, "टोकाच्या तोंडात अर्धा किलो ठोकून देतो."

"मोजल्याशिवाय?"

"अगं, हाताला कळतं मला."

"चाकाचं कळतं. चाक गोल असतं. रावण गोल आहे का?" तिने लाल पेन खाली ठेवलं, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दोन बोटांवर आडवा धरला. "आता बघा आप्पा. बोटं जवळ जवळ आणते." बोटं सरकत सरकत एकत्र आली आणि झाडू त्यांच्यावर स्थिर राहिला. बोटं मधोमध नव्हती, काड्यांच्या बाजूला होती. "हा याचा गुरुत्वमध्य."

"शब्द मोठाय."

"अर्थ सोपा आहे. पृथ्वी या झाडूच्या प्रत्येक काडीला खाली ओढते. दांड्याला ओढते, दोऱ्याला ओढते. हजार ठिकाणी ओढते. पण सगळ्याचा मिळून परिणाम असा, जणू सगळं वजन या एका जागी गोळा झालंय. त्या जागेला गुरुत्वमध्य म्हणायचं. त्याच्या बरोबर खाली आधार असला की वस्तू उभी राहते. तो आधाराच्या बाहेर गेला की पडते. मग झाडू असो, नाहीतर लंकापती."

चिमाजीने झाडू हातात घेतला. "आणि चाकाचा?"

"तुम्हीच सांगा."

त्याने विचार केला. "मधे. पण मधे तर भोक असतं. तिथे काहीच नसतं."

"तरी तिथेच असतो. तो वस्तूच्या आतच असला पाहिजे असं नाही."

चिमाजी तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो शिसं लावून लावून कशाला तरी त्या भोकाच्या मधोमध आणून ठेवत होता, आणि त्या कशाला तरी नाव होतं, आणि ते नाव त्याच्या लेकीच्या वहीत होतं. त्याने स्वयंपाकघरातली थाळी आणली, उलथनं आणलं, छत्री आणली. जेवण होईपर्यंत घरातली एकही वस्तू बोटावर चढायची राहिली नाही. तृप्ती शेवटी म्हणाली, "आप्पा, आता पातेलं राहू द्या, त्यात आमटी आहे."

पण वेड्यावाकड्या आकाराची, फळीएवढी वस्तू बोटावर कशी तोलायची? त्याचीही युक्ती तिच्याकडे होती. वस्तू एका ठिकाणाहून मोकळी टांगायची, तिथूनच ओळंबा सोडायचा आणि दोऱ्याच्या मागे रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणाहून टांगून दुसरी रेघ. रेघा एकमेकींना छेदतील तिथे गुरुत्वमध्य.

"ओळंबा तर गवंड्याचा," चिमाजी म्हणाला.

"पृथ्वीचा," तृप्ती म्हणाली.

दोघं तिसऱ्या दिवशी उंबरपाड्याला पोचली. पिशवीत शिशाच्या पट्ट्या, खडू, दोरा आणि ओळंब्याला वजन म्हणून चाकाचा एक नट. कोंडाजी ओट्यावर बसला होता. चौसष्टीचा गडी, अजून ताठ, पण तोंड उतरलेलं.

"आला का डाक्टर," तो म्हणाला. "सोंगाला इंजेक्शान द्यायला."

"आधी तपासतो दादा. फी मागून सांगतो."

कोंडाजी किंचित हसला आणि शेताकडे निघून गेला.

अंगणातल्या फणसाच्या फांदीला चिमाजीने नवा मुखवटा टांगला. आधी डाव्या कानाजवळून, मग उजव्या टोकाजवळून. तृप्तीने ओळंबा धरला, त्याने खडूने रेघा ओढल्या. दुसरी रेघ पहिलीला जिथे मिळाली तिथे दोघं वाकून बघू लागली.

रेघा मधल्या तोंडाच्या नाकाच्या शेंड्यावर मिळाल्या होत्या. बरोबर मधोमध. एक बोटही इकडेतिकडे नाही.

"परत टांगू," चिमाजी म्हणाला.

परत टांगला. तिसऱ्या ठिकाणाहूनही टांगला. तिसरी रेघही नाकाच्या शेंड्यावरून गेली.

"आप्पा, यात दोष नाही," तृप्ती म्हणाली. "हा चोख आहे."

"कसा चोख? डावीकडं पाच तोंडं आहेत, उजवीकडं चार. नऊ तोंडं सारखी वाटून येतील कशी?" एवढं बोलून तो थबकला. हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, हे त्याच्या लक्षात आलं. घराण्याने तीन पिढ्या रावण नाचवला होता आणि त्याची तोंडं एका बाजूला एक जास्त आहेत ही गोष्ट कुणाच्याही तोंडून कधी निघाली नव्हती.

तृप्तीने जवळ जाऊन तोंडांना हात लावला. "कारागिराने उजवीकडची चार मोठी केलीत. दोन्ही बाजू सारख्या लांब दिसाव्या म्हणून. त्यात वजनही सारखं झालं."

"मग जुना?"

जुना मुखवटा ओटीवरच्या माळ्यावर होता, पुढे वाळलेली झेंडूची माळ. कुसावहिनीने नमस्कार करून खाली काढून दिला. तो टांगला. रेघा ओढल्या. लाकडाची सारखी नऊ तोंडं, डावीकडे पाच, उजवीकडे चार. रेघा नाकावर मिळाल्याच नाहीत. त्या मिळाल्या नाकापासून चार बोटं डावीकडे, गालाच्या कडेला.

"म्हणजे वाकडा जुना होता," चिमाजी पुटपुटला. "मग छत्तीस वर्षं हा पडला कसा नाही?"

तृप्ती शेताच्या वाटेकडे बघत होती. चिमाजीनेही बघितलं. कोंडाजी परत येत होता. खांद्यावर काही नाही, हातात काही नाही, आणि तरी त्याचा उजवा खांदा खाली होता आणि मान तसूभर उजवीकडे कललेली. माणसाने डाव्या हातात भरली बादली धरली म्हणजे तो जसा चालतो, तसा कोंडाजी रिकाम्या हातांनी चालत येत होता. कायम तसाच चालायचा. सगळ्या गावाने बघितलं होतं, पण आजपर्यंत ते कुणाला दिसलं नव्हतं.

जुन्या मुखवट्याला शिसं कधी लावावं लागलं नव्हतं. शिशाच्या जागी कोंडाजी होता.

दुपारी कोंडाजी आडवा झाला तेव्हा चिमाजीने नवा मुखवटा डोक्यावर चढवला. नुसता बघायला, असं तो तृप्तीला म्हणाला. आधी दोन पावलं टाकली. मग चार. मग गोठ्यामागे, जिथे भोपळे नाचवले होते त्याच जागी, एका पायावर फिरला. दहा तोंडं भिंगरीसारखी फिरली आणि जागच्या जागी थांबली. पुन्हा फिरला. त्याला वाटलं, आपण फिरतच नाही, आपण भोकाच्या मधोमध आहोत आणि उंबरपाडा आपल्याभोवती फिरतो आहे. मुखवटा उतरवला तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता आणि तोंडावर असं हसू होतं की कुसावहिनी भांडी घासता घासता थांबली.

"आप्पा, तुम्हीच नाचा," तृप्ती म्हणाली. "तुम्हाला तो सरळ बसतो. काकांना सांगा खरं काय आहे ते."

सांगायचं तर एकच वाक्य होतं. मुखवटा चोख आहे दादा, वाकडा तू झालायस. वाक्य खरं होतं, खडूने सिद्ध झालेलं होतं. कोंडाजीने ते मानलं असतं आणि बाजूला झाला असता. चिमाजी ओट्यापर्यंत गेलाही. कोंडाजी जागा झाला होता आणि मानेला तेल लावत होता.

"काय निघालं रे?"

चिमाजीच्या ओठापर्यंत आलेलं वाक्य तिथेच राहिलं. "थोडं शिसं लावावं लागेल दादा. डावीकडं. मग बसेल तुला."

"मला वाटलंच. उजवीकडं वढतंय ते."

तृप्तीने त्याला गोठ्याशी गाठलं. "खोटं का बोललात?"

"खोटं नाही. तूच विचार कर. मुखवटा काय एकटा नाचतो? माणूस आणि मुखवटा मिळून एक वस्तू. त्या वस्तूचा मध्य पायाखाली यायला हवा. दादाला चढवला तर त्याला डावीकडं वजन लागतं. मला चढवला तर नाही लागत. मग चूक कुणाची काढायची?"

"हे माझ्या वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते," तृप्ती म्हणाली आणि वजनं मोजायला बसली. नऊ किलोचा मुखवटा, चार बोटांचा फरक, टोकाचं तोंड मधल्यापासून इतकं लांब. उत्तर आलं किलोभर. चिमाजीने सतरा पट्ट्या फडक्यात गुंडाळल्या, पुरचुंडी डाव्या टोकाच्या तोंडाच्या पोकळीत घट्ट बसवली आणि हाताच्या सवयीने सुरगाठ मारली. ज्या माणसाने जन्मभर चाकं सरळ केली, त्याने त्या संध्याकाळी एक चोख वस्तू नेमकी चार बोटं वाकडी केली.

बोहाड्याचा शेवटचा दिवस उजाडला. डोंगराच्या कडेवरून ऊन गल्लीत उतरलं आणि संबळ कडाडला. रावण देवळाच्या पायरीवरून खाली आला तेव्हा कौलांवर चढलेली पोरंसुद्धा गप्प झाली. मागे तांब्या घेऊन चिमाजी. पाराजवळ, अगदी पुढे, बहिरू हाताची घडी घालून उभा.

पहिली फेरी. कोंडाजीची पावलं जड पडत होती, पण तालात. पाराशी आला, एक पाय उचलला आणि फिरला. चिमाजीने डोळे मिटले. कानांनी त्याने गिरकी मोजली, चाकाची मोजतो तशी. कुठे खडखड नाही, कुठे ओढ नाही. डोळे उघडले तेव्हा रावण दोन्ही पायांवर उभा होता आणि पिपाणी आभाळात गेली होती.

दुसरी फेरी. तीही गेली.

तिसऱ्या फेरीआधी रावणाने पायरीवर बसून पाणी प्यायचं असतं. चिमाजीने मुखवटा वर उचलायला मदत केली. कोंडाजीचा चेहरा घामाने आणि आनंदाने निथळत होता. त्याने तांब्या तोंडाला लावला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "अगदी जुन्यासारखा वाटला."

"हो ना दादा."

"त्या जुन्यावर खडूच्या रेघा हायत. गालावर. नव्यावर नाकावर व्हत्या." कोंडाजीने शांतपणे डाव्या टोकाच्या तोंडात हात घातला, चाचपलं, आणि सुरगाठीचं टोक ओढलं. पुरचुंडी त्याच्या मांडीवर पडली. त्याने ती हातावर तोलली. "किती हाय?"

चिमाजीला उत्तर देणं भाग होतं. "किलोभर."

"इतकंच?" कोंडाजी म्हणाला. "छत्तीस वर्सं मी एवढाच वाकलो व्हतो? मला वाटलं लय असंल." मग त्याने मुखवटा भावाच्या छातीशी लावला. "चढव."

"दादा, थोरल्याचा मान..."

"थोरला कोण हाय इथं? मीच सांगतोय ना. त्या दिशी गोठ्यामागं नाचलास, कुसाने बघितलं. मला म्हनली, भाऊजी पोरासारखे हसत व्हते."

बहिरू पारापासून चालत पुढे आला. "कोंडाजी, दोन फेऱ्या झाल्या, तिसरी सांभाळून पूर्न कर. हा तांब्यावाला पडला तर सोंग गेलं. मग रडू नको."

"पडला तर तू घे," कोंडाजी म्हणाला. "आज त्याला नाचू दे."

संबळवाला थाप धरून वाट बघत होता. चिमाजीने मुखवटा चढवला. आत अंधार, रंगाचा वास, आणि भावाच्या घामाची ओल. दोन बारीक भोकांतून पार दिसत होता. पाय क्षणभर जागचे हलेनात. मग डावीकडून काहीच ओढत नाही आणि उजवीकडून काहीच ओढत नाही, हे त्याच्या अंगाला कळलं, आणि पाय आपोआप निघाले.

गल्लीने रावण बघितले होते, पण असा नाही. कोंडाजीचा रावण जड, लंकेच्या तटबंदीसारखा. हा उडता. अठ्ठावन्न वर्षं साठवलेली पावलं एकामागून एक बाहेर पडत होती. कुणी तरी ओरडलं, "रावणा, पोट आत घे." गल्ली हसली, रावणही मुखवट्याआड हसला, आणि पाराशी येऊन त्याने एक पाय उचलला.

तृप्ती पाराच्या कट्ट्यावर उभी होती. तिने नाकाचा शेंडा धरून ठेवला होता नजरेने. दहा तोंडं फिरली, एकदा, दोनदा, रंग एकमेकांत मिसळून एक कडं झालं, आणि त्या कड्याच्या मधोमध तो शेंडा जागचा हलला नाही. तीनदा. मग पाय खाली टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

बहिरूने हाताची घडी सोडली.

सोंग घरातच राहिलं. गल्ली दणाणली. संबळवाल्याने शेवटची थाप मारून काठ्या खाली ठेवल्या, कारण फेऱ्या तीनच असतात आणि चौथी उंबरपाड्यात कधी झालेली नव्हती. पण रावण थांबला नव्हता. तो देवळाकडे तोंड करून, खांदे हलवत, पुन्हा निघायच्या तयारीत होता. संबळवाला गोंधळून पायरीकडे बघू लागला.

पायरीवर कोंडाजीने शिशाची पुरचुंडी उचलून हवेत हलवली आणि त्याला खूण केली, वाजव म्हणून. बहिरूने वाट सोडली.